सात नंबरची बादली

साहेबांच्या घरचा वर्षभराचा कचरा एका काचेच्या बरणीत मावतो, ही गोष्ट त्या भागात सगळ्यांना ठाऊक होती, कारण साहेबांनी ती सगळ्यांना सांगितली होती. लोक मुलांची बक्षिसं जिथे मांडतात त्या काचेच्या कपाटात ही बरणी होती. आत एक तुटका कंगवा, बाटल्यांची चार-पाच बुचं, संपलेलं बॉलपेन आणि मलमाची चपटी झालेली नळी. वर चिठ्ठी चिकटवलेली: तीनशे चाळीस ग्रॅम. पाहुणा आला की साहेब बरणी त्याच्या हातात द्यायचे आणि तो ती परत देईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे.

बरणी खोटी होती. हे जगात दोघींनाच माहीत होतं, साहेबांच्या बायकोला आणि तिच्या थोरल्या बहिणीला. बायको दोघींत लहान, म्हणून एकसष्टाव्या वर्षीही माहेरी तिला धाकटीच म्हणत. माहेरचं माणूस आता एकच उरलं होतं, ते म्हणजे ताई.

साहेब वजनमापं खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं दुकानदारांच्या तराजूखाली बोटं घालून कुठे काय चिकटवलंय ते बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच्या चुका दिसेनाशा झाल्या आणि माणूस सुकायला लागला. मग कुठल्याशा मासिकात त्यांनी घरातला कचरा कमी करण्यावर एक लेख वाचला आणि पंधरा दिवसांत ते तज्ज्ञ झाले. पस्तीस वर्षांच्या संसारात ज्यांनी स्वतःचा कप कधी विसळला नाही, ते दुधाच्या पिशव्या कशा धुवाव्यात यावर जिन्यात उभे राहून बोलू लागले. पिशव्या अर्थात धाकटी धूत होती. धुवून, उलट्या करून, चिमटे लावून वाळवत होती. साहेब त्या मोजत होते.

गॅलरीतल्या बागेची तीच तऱ्हा. टाकाऊतून टिकाऊ करायचं तर आधी टाकाऊ हवं, आणि ते कमी पडायला लागलं तेव्हा साहेबांनी पंक्चरवाल्याकडून पैसे देऊन जुने टायर आणले. फुटकी किटली आली, चिरलेलं हेल्मेट आलं. धाकटीचा कुकर दारामागे ठेवला होता, त्याची फक्त रबरी रिंग सैल झाली होती. साहेबांनी त्याच्या बुडाला भोकं पाडली, त्याला पिवळाजर्द रंग दिला आणि त्यात मनी प्लांट लावला. ती म्हणाली, अहो, तो चांगला होता. ते म्हणाले, आता तो सुंदर आहे. तेव्हापासून ती पातेल्यात बटाटे उकडत होती. गॅस दुप्पट जळायचा, पण गॅस बरणीत भरून दाखवता येत नाही, त्यामुळे साहेबांना त्याची फिकीर नव्हती.

खताची तीन मडकी मात्र धाकटीला मनापासून आवडायची. पहिल्या महिन्यात त्यांत अळ्या झाल्या आणि असा वास सुटला की वरच्या मजल्याने खिडक्या लावून घेतल्या. साहेबांनी त्याला नैसर्गिक प्रक्रिया असं नाव दिलं आणि नाकाला रुमाल लावून आत निघून गेले. सालं बारीक चिरायची, वर वाळक्या पाल्याचा थर द्यायचा, एक दिवसाआड खालीवर करायचं, हे ती चुकतमाकत शिकली. खत झालं, काळंभोर आणि भुसभुशीत. मग साहेब रुमाल खिशात घालून बाहेर आले आणि पाहुण्यांच्या नाकाखाली ओंजळ धरून विचारू लागले, येतो का वास? आतून ऐकताना धाकटीला वाटायचं, आता यांनी ते खाऊनही दाखवावं.

बरणीचा खोटेपणा सुरू झाला तो पहिल्याच शनिवारी. त्या दिवशी साहेबांनी कोरड्या कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उपडी केली आणि बिस्किटाचं एक वेष्टण चिमटीत धरून सव्वा तास भाषण दिलं. ते वेष्टण त्यांनीच खाल्लेल्या बिस्किटांचं होतं. धाकटीने सगळं परत बादलीत भरलं. पुढच्या शुक्रवारी तिने बादलीतलं निम्मं सामान पिशवीत भरलं आणि चालायला जाते म्हणून तीन गल्ल्या पलीकडे ताईकडे नेऊन टाकलं. शनिवारी वजन घटलं. साहेब खूश होऊन म्हणाले, बघ, सवय लावली की लागते. तिसऱ्या महिन्यापासून रोज दुपारी चार वाजता पिशवी जाऊ लागली, आणि आज त्याला तीन वर्षं झाली होती.

साहेबांना काही शंका कशी आली नाही, असं कुणी विचारेल. हातातून सुटलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, याचा विचार त्यांनी जन्मात कधी केला नव्हता. जन्मभर टिकतो म्हणून आणलेला पितळी रेझर पाहुण्यांना दाखवण्यापुरता होता. त्याने तीनदा गाल कापल्यावर ते वापरून फेकायचे रेझर वापरू लागले होते. वापरून झालेला रेझर बेसिनच्या कडेवर ठेवायचा आणि तो तिथून नाहीसा व्हायचा. पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं, क्रीमच्या बिस्किटांची वेष्टणं, दर रविवारी दार लावून केसांना लावायच्या रंगाचं खोकं, सगळं असंच नाहीसं व्हायचं. ते पुनर्वापराला जातं, अशी त्यांची समजूत होती. कुठे, कसं, कोण नेतं, हे त्यांनी विचारलं नाही.

अशा माणसाला ताईच्याच इमारतीने भाषणाला बोलावलं. तिथले अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. कचरागाडीवाल्यांनी तक्रार केली होती म्हणून इमारतीतल्या बारा घरांच्या बादल्या तीन दिवस न उचलता ठेवायच्या, प्रत्येकीवर घराचा नव्हे, डॉक्टरांच्या यादीतला नुसता नंबर लिहायचा, आणि साहेब त्यांतली एक सगळ्यांसमोर उघडून चुका दाखवतील, असं ठरलं. साहेबांनी धाकटीला हे सांगितलं ते आदल्या दुपारी, सदऱ्याला इस्त्री करायला सांगताना.

ती तशीच ताईकडे धावली. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेली, लग्न न केलेली बाई. चाळीस वर्षं तिने एकटीने घर चालवलं आणि त्या इमारतीत कुणाला ब्र काढायला जागा ठेवली नव्हती. धाकटीने विचारलं, बादली अजून आत घेता येईल का? ताई म्हणाली, उघडणार आहेत हे आम्हालाही आजच सांगितलं, नंबर टाकून खाली नेली, कुलपात आहे. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. गेल्या महिन्यात डॉक्टरांची बायको वर आली होती. सफाईवाल्याला बादलीत पुरुषाचे रेझर सापडतात, असं तिने गोड आवाजात सांगितलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं माझेच आहेत. म्हातारपणी मिशा येतात."

धाकटी हसली आणि लगेच तिला रडू आलं. तेव्हापासून जिन्यात ताई दिसली की बायका बोलायच्या थांबतात, हेही ताईने सांगितलं, पण असं की जणू पाणी उशिरा येतंय म्हणून सांगावं. खरं सांगून टाकते, असं धाकटी दोनदा म्हणाली. ताईने दोन्ही वेळा नको म्हटलं. मला इथे फक्त राहायचंय, तुला त्यांच्याबरोबर राहायचंय, असं तिचं म्हणणं होतं. नंबर कुणाचा हे निदान भावोजींना कळणार नाही, एवढाच आधार होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरच्या गाड्या हलवून खुर्च्या मांडल्या गेल्या. टेबलावर प्लास्टिकचं कापड, शेजारी बारा बादल्या, पलीकडे ओल्या आणि कोरड्या कचऱ्याच्या दोन रिकाम्या. साहेबांनी हातमोजे चढवले, सगळ्या बादल्या काट्यावर ठेवून बघितल्या आणि सगळ्यांत जड ती निवडली. सात नंबर. धाकटीने पुढच्या रांगेतून ताईकडे बघितलं. ताई ताठ बसली होती.

साहेब रंगात आले. कचरा खोटं बोलत नाही, असं म्हणून त्यांनी एकेक वस्तू वर धरायला सुरुवात केली. चार रेझर निघाले. तीन दिवसांत चार, ते म्हणाले, म्हणजे या गृहस्थांना पातं बदलायचाही कंटाळा आहे. पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. खाण्यावर ताबा नाही. क्रीमच्या बिस्किटांची वेष्टणं निघाली, हे घ्या त्याचं कारण. लोक हसू लागले. मग रंगाचं खोकं निघालं. साहेबांनी ते दोन बोटांत धरून हलवलं आणि म्हणाले, केस रंगवतो, म्हणजे वय लपवतो. आळशी, खादाड आणि लबाड. असा पुरुष घरात असला की बाईने कितीही कचरा वेगळा करावा, सगळं पाण्यात.

धाकटीला त्या क्षणी विलक्षण आनंद झाला. पस्तीस वर्षांत या माणसाचं इतकं नेमकं वर्णन तिने कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरांची बायको म्हणाली, "साहेब, पण सात नंबरच्या घरात पुरुषमाणूस नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. कुणी म्हणालं, नाही असं कसं, असणारच. खसखस पिकली, आणि माना एकेक करून ताईकडे वळल्या. त्या नजरांमागून साहेबांचीही नजर गेली आणि घर कुणाचं हे त्यांना कळलं. धाकटीला वाटलं, आता हे झाकण लावतील. ताईच्या हातचं इतकी वर्षं जेवलेला माणूस, काहीतरी थट्टा करून आठ नंबर पुढे ओढेल. पण समोर चाळीस माणसं होती आणि साहेबांना गर्दीची चटक लागली होती.

"ताई, आपलं माणूस म्हणून मी झाकून ठेवणार नाही," ते म्हणाले. "तराजूपुढे नातं नसतं. तुमच्याकडे कोण येतं हा तुमचा प्रश्न. पण जो कोणी येतो त्याला निदान कचरा वेगळा करायला शिकवा."

ताईने मांडीवरची पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. धाकटी आयुष्यभर तिला बघत आली होती, आणि तिची मान खाली गेलेली ती आज पहिल्यांदा बघत होती.

धाकटी उठली.

"ताईकडे कुणी येत नाही," ती म्हणाली. "मी येते. रोज चार वाजता तुमचा कचरा घेऊन येते. रेझर तुमचे आहेत. गोळ्या तुमच्या, बिस्किटं तुमची."

साहेब हसले. मोठ्या माणसांमध्ये मूल बोललं की हसतात तसे. "काहीतरीच बोलू नकोस. आपला कचरा बरणीत आहे."

"बरणीत मी घालते तेवढाच आहे. आणि खोक्यावरचा रंग वाचा."

डॉक्टर शेजारीच होते. त्यांनी खोकं उचललं, गडद तपकिरी असं हळूच वाचलं आणि सवयीने वर बघितलं. मग सगळ्यांनीच वर बघितलं. साहेबांच्या डोक्यावर तोच रंग होता, कानामागच्या कातडीलाही लागलेला. यावेळी कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

साहेब टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आले. आवाज खाली आला होता, पण मोडलेला नव्हता. तिने नीट बघितलं तर त्यांच्या डोळ्यांत चक्क कौतुक जमायला लागलं होतं. बायकोने नवऱ्याची अब्रू कशी जपली, ही गोष्ट त्यांनी आतल्या आत रचायलाही घेतली होती.

"तीन वर्षं?" ते म्हणाले. "माझं नाव राहावं म्हणून?"

"तुमचं नाव गेलं खड्ड्यात," धाकटी म्हणाली. "तुमचं भाषण ऐकावं लागू नये म्हणून."

मग तिने लोकांकडे वळून सांगितलं की माझ्या बहिणीला जे काय म्हणायचं ते इथे मला म्हणा. डॉक्टरांची बायको चप्पल शोधू लागली. धाकटी जाऊन ताईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. ताई पुटपुटली, आता घरी कशी जाणार आहेस? धाकटी म्हणाली, जात नाही, तुझ्याकडेच झोपेन.

टेबलावरचा पसारा तसाच होता. साहेबांनी सवयीप्रमाणे धाकटीकडे बघितलं. ती उठली नाही. मग त्यांनी एक रेझर उचलला, ओल्या कचऱ्याच्या बादलीपर्यंत नेला, परत आणला, कोरड्याच्या बादलीवर धरला, आणि शेवटी दातांच्या डॉक्टरांना विचारलं की हा नक्की कशात टाकायचा.