उजवा खांदा

माझा धाकटा भाऊ किशोर अकोल्यात मंडप-बिछायतीचा धंदा करायचा. खुर्च्या न्यायला आलेल्या माणसाला तो आधी चहा पाजायचा आणि मग एनसीसीचे फायदे ऐकवायचा. मुलीचा बाप घाईत आहे, तिकडे आचारी खोळंबलाय, आणि हा सांगतोय, "सी सर्टिफिकेट पायजे भाऊ. ते असलं का फौजेत ऑफिसर व्हाले लेखी परीक्षाच नाई. डायरेक इंटरव्ह्यू! पोलिसात मार्कं भेटते ते अलगच." ऐकणारा मान हलवायचा, खुर्च्या टेम्पोत भरायचा आणि सुटायचा. आमच्या जुन्या शहरात अशीही माणसं होती की ज्यांना मूलबाळ नव्हतं, पण एनसीसीचे फायदे तोंडपाठ होते.

हे वेड त्याच्या एकुलत्या एक मुलीमुळे, आचलमुळे. बारावीनंतर ती अमरावतीला माझ्याकडे राहून शिकायला आली आणि पहिल्याच महिन्यात एनसीसीत नाव घालून मोकळी झाली. मला ते बिलकूल पसंत नव्हतं. मी म्हटलं, "उन्हात काळी ठिक्कर पडशीन. मंग तुह्यासाठी पोरगा शोधाले तुह्या बापाले दुर्बीण लागन."

"दुर्बीण कशी वापरायची तेही शिकवते तिथं, आत्या," ती म्हणाली. उलट उत्तरात पोट्टी तेव्हापासूनच पटाईत.

रविवारी परेड असली की किशोर सकाळच्या गाडीने अकोल्याहून यायचा आणि मैदानाच्या तारेबाहेर, लिंबाच्या झाडाखाली उभा राहायचा. आत जायला कोणी मनाई केली नव्हती, पण त्याला तारेबाहेरूनच बरं वाटे. परेड संपली की पोरांना समोसा आणि केळं मिळायचं. आचल केळं खायची आणि समोसा बापाला आणून द्यायची. दुसऱ्याच्या लग्नात रोज पंगती पाहणारा माझा भाऊ तो गार समोसा इतक्या हळू खायचा की मला त्याचा राग यायचा.

एकदा तिथल्या सुभेदार साहेबांनी त्याला सांगितलं की चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण पुरं झालं की एक समारंभ होतो. नव्या ऑफिसरच्या खांद्यांवर ताऱ्यांच्या पट्ट्या चढवायला आईवडिलांना बोलावतात. झालं! त्या दिवसापासून फायद्यांच्या यादीत हा सगळ्यात वरचा फायदा. पुढच्या सुट्टीत आचल आणि मी अकोल्याला गेलो, तर त्याने खांदे वाटूनही टाकले. "डावा माहा, उजवा तुह्या मायचा. नंतर भांडण नाई पायजे," आचलला म्हणाला. त्याची बायको प्राजक्ता पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच धरून ती लाजली. लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेली बाई लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आचलची सी सर्टिफिकेटची परीक्षा उत्तम गेली. नंतर उन्हाळ्यात किशोरचा वाढदिवस आला. आम्ही सगळे अकोल्याला जमलो होतो. सकाळी प्राजक्ताने त्याला पाटावर बसवून ओवाळलं, कुंकू लावलं, हातावर पेढा ठेवला. कपाळावरचं ते कुंकू न पुसताच तो बाळापूरकडे मंडप टाकायला गेला. दुपारी लोखंडी पाइप उभा करताना वारा आला, पाइप कलला आणि वरच्या विजेच्या तारेला लागला. माझा भाऊ जागच्या जागी गेला.

त्या दिवशी घरात शुद्धीवर एकटी आचल होती. मी ऊर बडवत होते. आमचे वडील, खुशालराव, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते उंबऱ्यावर बसून कोणी बोललं तरी ओळख देत नव्हते. तिने दवाखाना पाहिला, पोलिसांचे जाबजबाब पाहिले, किशोरच्या मजुरांना कामं वाटून दिली, प्राजक्ताला पाणी पाजलं. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा भाऊकीतला एक जण म्हणाला, पोरीची जात, तिनं कायले. आचल पुढे झाली आणि उजवा खांदा लावून बापाला घेऊन गेली. एनसीसीचा हा फायदा किशोरने कोणालाच सांगितला नव्हता.

प्राजक्ताचं त्यानंतर वेगळंच सुरू झालं. तिने आपला हात आखडून घेतला. शेजारी हळद असली की ही मागच्या खोलीत भांडी घासत बसे. नव्या सुनेच्या ओटीत तांदूळ घालायचे तर दुसरीच्या हातून. तिला कोणी उठ म्हटलं नव्हतं, पण ये, बस, असंही कोणी म्हटलं नाही. लोकांना ते सोयीचंच होतं. आचलच्या वाढदिवसाला तिने मला खास अमरावतीहून बोलावून घेतलं आणि ओवाळणीचं ताट माझ्या हातात दिलं. "ताई, तुमी ओवाळा. तुमी सवाशीन हाव."

मी ताट खाली आपटलं. "तुही पोरगी हाय ते! काहून असं करून राहिली तू?"

"माह्या हातानं यायले ओवाळलं," ती म्हणाली, "आन् दुपारी ते गेले. आता हे एकच उरली हाय मले."

मला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना. ओवाळलं मी.

पुढे भोपाळला आचलची मुलाखत झाली. पाच दिवस पोरांना घुसळून काढतात म्हणे. सोबतच्या बऱ्याच जणी परत आल्या, ही निवडली गेली. लेखी परीक्षा खरंच नव्हती. किशोर बोलायचा ते शब्दाला शब्द खरं निघालं आणि ऐकायला तो नव्हता. ती चेन्नईला गेली, वर्षभर तिथे घाम गाळला, आणि शेवटी आम्हाला त्या समारंभाचं बोलावणं आलं.

आबा, प्राजक्ता आणि मी निघालो. गाडी सुटल्यावर प्राजक्ताने विषय काढला. "ताई, उजव्या खांद्याले तुमी लावजा."

"ते फौजेचं हाय, हळदी-कुंकू नोहे," मी ओरडले. डब्यातली माणसं बघायला लागली. "तिथं कोनी सवाशीन पायत नाई."

"फौजेचं हाय म्हनूनच म्हन्तो. घरी राहनारी असती तर लावलं असतं. थे कुठंकुठं जाईन, बंदुकीसमोर उभी राहीन. माहा हात नको."

मी आबांकडे पाहिलं. वाटलं, मोठं माणूस आहे, दोन शब्द समजावतील. त्यांनी खिडकीबाहेर पाहत नुसतं घसा खाकरला. डाव्या खांद्याला किशोरच्या जागी आबांनी लावायचं हे केव्हाच ठरलं होतं. आमची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आबांचा हात चालतो की नाही हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. आबांच्याही नाही. हे मी त्यांना गाडीत ऐकवणार होते. पण मुलगा गमावलेल्या म्हाताऱ्यापुढे माझी जीभ उचलली नाही.

समारंभात आचल आमच्यासमोर ताठ उभी होती. उन्हाने खरंच काळी ठिक्कर पडली होती आणि इतकी सुंदर दिसत होती की मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. आजूबाजूला कुणाचे आईवडील हसत होते, कुणाचे रडत होते. आबांनी डाव्या खांद्यावर पट्टी सरकवली आणि नातीच्या गालाला हात लावला. मग आचलने उजव्या खांद्याची पट्टी आईपुढे धरली.

प्राजक्ताने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि एक पाऊल मागे गेली.

आचल तशीच थांबली. शेजारच्या पोरींचं सगळं उरकलं, टोप्या हवेत उडवायची गडबड सुरू झाली, तरी ती थांबली. प्राजक्ताने मला पाठीवर ढकललं. मी पट्टी घेतली आणि चढवली. वरचं बटण लावलं. तिने तिघांनाही सलाम केला. आईला केलेला सलाम तिने उतरवलाच नाही, शेवटी प्राजक्तानेच नजर खाली केली.

पहिलं पोस्टिंग उत्तरेला, बर्फाच्या बाजूला मिळालं. त्याआधी थोड्या दिवसांच्या सुट्टीवर ती अकोल्याला आली. घरभर वावरली, आबांचे पाय चेपले, बापाच्या गोदामात जाऊन एकटीच त्या रचलेल्या खुर्च्यांपाशी बसून आली. खांद्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटलं, गिळलं पोरीने.

निघायच्या सकाळी ती वर्दी घालून स्वयंपाकघरात आली. मी भाजी चिरत होते, प्राजक्ता डब्यात तिळाची चटणी भरत होती. आचलने उजव्या खांद्याचं बटण काढलं, ताऱ्यांची पट्टी सरकवून हातात घेतली आणि आईसमोर धरली.

"आई, हे लाव. मंग जातो."

"वेडी झाली का तू? आत्यानं लावलं होतं ना."

"ते आत्यानं लावलं. तू कुठं लावलं?"

"नको ना बाई..."

"आई, बाबाले तारेनं नेलं. तुह्या हातानं नाई नेलं." आता तिचा आवाज फुटला. बाप गेला तेव्हाही न रडलेली पोरगी घळाघळा रडायला लागली. "मी तिथं एकटी राहीन. माह्या आंगावर तुह्या हातचं काहीच नाई. एक पट्टी तरी लाव."

प्राजक्ता चटणीचा हात धुवायला गेली. धुतला. पुन्हा धुतला. साबण लावून मनगटापर्यंत तिसऱ्यांदा घासायला लागली, तेव्हा मी नळ बंद केला. तिने हात पदराला पुसले, पट्टी घेतली आणि खांद्यावर हळूहळू सरकवली. बटण काही केल्या लागेना. आचलने गुडघे वाकवून खांदा खाली केला. बटण लागलं. प्राजक्ताने तिथे एकदा तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

माझा जीव निवला. मनात म्हटलं, सुटली बाई एकदाची. पण ती वळून फडताळाकडे गेली. मूठभर मीठ घेतलं, मोहरी घेतली, लाल मिरच्या घेतल्या आणि आचलवरून मूठ ओवाळायला लागली.

"कोनाची दृष्ट काढून राहिली, प्राजक्ता? इथं तर परकं कोनीच नाई," मी विचारलं.

"माही," ती म्हणाली.

मागच्या अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. तिने मूठ त्यात टाकली. मीठ तडतडलं, मिरच्या काळ्या पडल्या. आम्ही तिघी चुलीभोवती उभ्या राहिलो. आमच्याकडे मानतात की मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, आणि नाही लागला तर होती. अंगण उघडं, वारा सुटलेला, धूर सरळ भिंतीवरून पलीकडे चालला होता. कोणालाच काही लागेना. प्राजक्ता आळीपाळीने आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहत होती. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते.

तेवढ्यात आचल खोकली. छातीला हात लावून, वाकून खोकली. मिरची नाकात गेल्यावर माणूस कसा खोकतो ते मला माहीत आहे, हे तसं नव्हतं. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं.

मग मीही खोकले. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी आणायला मला फार कष्ट पडले नाहीत.

"लागला?" प्राजक्ताने विचारलं. "खरंच लागला का, ताई?"

"लागला वो माय," मी म्हटलं. "घसा जळून राहिला."