गजाच्या हातातल्या बांगड्या

"वरवंटा कुणी आणला? ठेव तो खाली!" मी अंगणातूनच ओरडलो.

वरवंटा कोंडाजीच्या हातात होता. कोंडाजी म्हणजे गजाचा चुलता. तिरडी बांधून तयार होती, माणसं खोळंबली होती, आणि ओटीवर गजा निजवला होता. बाविसावं वर्ष. दोन्ही हातांत हिरव्यागार बांगड्या.

"मग काय करू, आबाजी?" कोंडाजी म्हणाला. "बाप्याला बांगड्यांसकट जाळू? सुजल्या हातातून निघत नायत. फोडल्याबिगर इलाज हाय का?"

"मी काढतो. त्यासाठीच बोलावलंत ना?"

खरं तर मयताच्या घरी कासाराला कोणी बोलवत नाही, आणि बोलावलं तरी कासार जात नाही. आमचा धंदा हात भरायचा. पण सकाळी लोधिवलीहून गजाचा शेजारी नागू धावत चौकात आला आणि दुकानापुढे उभा राहून म्हणाला, "मामा, गजा गेला. त्याची बायको चिमा आडवी पडलीय. त्याच्या हातावर दगड लावू देनार नाय म्हनती. तुमाला आनायला सांगितलंय." माझ्या बायकोनं डोळे वटारले. मी वहाणा पायात सरकवल्या.

गजा कुणब्याचा पोर, पण नाटकमंडळीत बायकांची कामं करायचा. मंडळी आगगाडीनं कर्जतला उतरली की हा बैलगाडी करून आधी माझ्या दुकानी यायचा. त्याचे खेळ मी अकरा पाहिले. बायको म्हणते चौदा, म्हणेना का. एका खेळात तो वनवासाला निघालेली राणी व्हायचा. महालाबाहेर पडताना राणी उंबऱ्याशी थांबायची, खाली बघायची, आणि रांगोळी पुसली जाऊ नये म्हणून लांब ढांग टाकायची. बस, एवढंच. नाटकात तसं लिहिलेलं नव्हतं. आईला बघून त्यानं ते उचललं होतं. ती ढांग पाहून कडावच्या बायका पदर तोंडाशी धरून रडल्या. मीही रडलो, लाज कसली त्यात? दुसऱ्या दिवशी त्याच बायका राणीसारख्या बांगड्या मागत माझ्या दुकानी आल्या होत्या.

बांगड्या घट्ट भरायला त्यानंच सांगितलं होतं. "मामा, हात वर केला की ढिल्या बांगड्या घसरतात, आन् लोकांना बाप्याचं मनगट दिसतं. मग कसली राणी?"

हात भरून झाला की बाईनं कासाराला नमस्कार करायचा, कासारानं एक बांगडी जास्तीची घालायची आणि 'अखंड सौभाग्यवती हो' म्हणायचं, ही आमची रीत. गजा खट्याळ, तोही वाकला. पहिल्या खेपेला सवयीनं माझ्या तोंडून तेच निघालं आणि अख्खं दुकान हसलं. मग दर खेपेला तीच थट्टा. चार दिवसांपूर्वी खालापूरच्या जत्रेच्या खेळासाठी आला तेव्हाही तीच. त्या दिवशी त्याचा हात तापलेला होता. मला कळलं होतं. "आज राहू दे रं," मी म्हटलं, तर म्हणाला, "राणी आजारी पडत नाय, मामा." आणि वाकला. मी काय म्हणालो? अखंड सौभाग्यवती हो! हातात बांगड्या असतानाच मरण येवो, हाच ना त्याचा अर्थ? पोराला 'औक्षवंत हो' म्हणायला माझी जीभ झडली होती काय?

गजाची आई अंबाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. रिठ्याचं कोमट पाणी आणि खोबरेल मागून घेतलं. हात सुजले होते, पण अजून ताठले नव्हते. अंगठा तळव्यात मुडपला, बोटं आवळून धरली, आणि एकेक बांगडी सरकवू लागलो. जन्मभर हेच काम उलट केलं होतं. चिमानं जुन्या लुगड्याचा धडपा अंथरला. डाव्या हातातल्या बारा निघाल्या, मग उजव्यातल्या तेरा. तेरावी माझी, आशीर्वादाची. एकही फुटली नाही. कोंडाजी मान फिरवून डोळे पुसत होता.

आता तिरडी उचलायची, तोच गजाची आत्या इंदूबाई पुढे झाली. तिनं चिमाचा दंड धरला. "चल गं. आता तुझ्या फोडायच्या."

चिमा सतरा वर्षांची असेल. तिनं दंड सोडवून घेतला, माझ्यापुढं येऊन बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"मामा, माझ्या पन तुमीच काढा. ह्या त्यांनी सोताच्या हातात घालून, माप बघून आनल्या हायत. आमचं माप एकच हाय."

"अगं, काढत नायत, फोडतात!" इंदूबाई किंचाळली. "रीत हाय ती!"

"त्यांच्या नाय ना फोडल्या?" चिमा म्हणाली.

मग भिंतीशी बसलेली अंबाबाई म्हणाली, "काढू दे तिला."

गजाच्या तापाच्या तीन दिवसांत पोरगी अशी सुकली होती की तेल लागलंच नाही. बांगड्या नुसत्या ओघळून आल्या. मी त्या त्याच धडप्यात ठेवल्या. त्याच्या कुठल्या आणि तिच्या कुठल्या, ते मलाही सांगता आलं नसतं.

हात मोकळे झाले तशी ती सवयीनं वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला. विधवेला द्यायला कासाराकडे आशीर्वाद नसतो.

"औक्षवंत हो," मी म्हणालो.

इंदूबाईनं कपाळावर हात मारला. विधवेला असं कोणी म्हणत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण गजाला द्यायचा राहून गेला होता, तो तिला दिला.