दाराशी उभी आजी

वलवणच्या चंपाबाई श्रीलंकेला जाऊन आल्यापासून जमिनीवर चालतच नव्हत्या. विहारातल्या बायकांत विमानात बसलेल्या त्या पहिल्याच! अनुराधपूरचा बोधिवृक्ष त्यांनी इतक्यांदा सांगितला, की न गेलेल्यांनाही तो तोंडपाठ झाला. तिथल्या दवाखान्यात आठवडाभर पडून होत्या, हे मात्र त्यांनी गिळून टाकलं. विहीण शालूबाईंना कळलं असतं तर गावभर झालं असतं.

परतल्यावर तळेगावच्या डॉक्टरांनी तपासून बजावलं होतं, "लघवीतला हा जंतू नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. तुम्ही बऱ्या झालात, पण तो अंगात दबा धरून राहू शकतो. कुठल्याही दवाखान्यात गेलात, तर आधी सांगायचं."

आणि आता लेक रेणुका दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. नात इवलीशी, काचेच्या पेटीत. रेणुका तापानं फणफणलेली. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "बाळाला छातीशी धरून ऊब द्यायचीय. आजी कोण?"

दोघी उठल्या.

"पयलं बाळंतपण म्हायेरचं!" म्हणत चंपाबाई पुढं सरसावल्या. शालूबाई तोंड वाकडं करून खाली बसल्या.

चंपाबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, दवाखान्याचा गाऊन चढवला. काचेतून नात दिसली. मूठ उघडत होती, मिटत होती. शेजारच्या पेट्यांत तशीच आणखी बाळं, कुणाकुणाची. चंपाबाईंना तळेगावच्या डॉक्टरांचं बजावणं आठवलं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण पाय काही उचलेना.

"सिस्टर, थांबा," त्या म्हणाल्या. मग शालूबाईंनाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, "म्या शिरीलंकेत दवाखान्यात पडलते. तितला जंतू माज्या अंगात आसंल. औषदाला दाद देत न्हाई त्यो. मला आत नेऊ नगा."

सिस्टर चमकल्या. "बरं झालं सांगितलंत, मावशी. तुमची तपासणी करू. तोवर बाळाजवळ नको."

चंपाबाईंनी गाऊन उतरवला. डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. आता टोमणा येणार म्हणून त्या विहिणीकडं बघत राहिल्या.

शालूबाई उठल्या, हात धुऊन, गाऊन चढवून आल्या. "विहीणबाई, माज्याच्यानं न्हाई झालं आसतं हे," त्या हळूच म्हणाल्या. "नातीला काय सांगू तुमचं?"

चंपाबाईंनी पदर खोचला.

"सांगा, तुजी आजी दाराशी उबी हाय. वंगाळ काय बी आत येऊ देत न्हाई."