मंगळवारी, सात चाळीसला

दुरुस्तीवालीने बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, तीन बारीक शिट्या वाजल्या आणि सगळं पुन्हा चिडीचूप झालं. पडदा होता तसाच काळा राहिला.

"घरीही असंच करतो का, काका?"

"अगदी असंच. आठ दिवस झाले. अंगात येतं आणि लगेच उतरतं."

ती हसली. डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढून तिने लॅपटॉप पालथा घातला आणि एकेक स्क्रू काढून बशीत ठेवायला लागली. दुकान एवढंसं होतं की समोरच्या स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याचे गुडघे तिच्या टेबलाला टेकत होते. त्याने आयुष्याची एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी इमारतीत सगळे त्याला अजून लाइनमनच म्हणत. दुकानात शिरताच त्याने स्वतःची ओळखही तीच दिली होती.

"बराच जुना दिसतोय."

"अकरा वर्षांचा. माझ्या मुलाचा."

"मग त्यांनाच पाठवायचं ना. पुढे पासवर्ड लागेल."

"पासवर्ड मला ठाऊक आहे. मुलगा नाही आता."

तिने मान वर केली, पण विचारलं काही नाही. दिवा थोडा जवळ ओढला आणि पुन्हा स्क्रूंना लागली. लाइनमनला ते बरं वाटलं. गेल्या चौदा महिन्यांत 'कशाने गेला' या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन त्याची जीभ झिजली होती.

मुलगा घरांचे नकाशे काढायचा. लॅपटॉप म्हातारा झाला तसा तो एकदा बंद केला की पुन्हा उठवताना नाकी नऊ येत. म्हणून मुलाने घरात फर्मानच काढलं होतं, की याला कुणी बंद करायचं नाही. बॅटरी कधीच मेली होती. त्याने शेजारी एक यूपीएसचा खोका आणून ठेवला होता, तासाभराची वीज सांभाळणारा. मुलगा गेला आणि फर्मान तेवढं मागे राहिलं. पडद्यावर त्याने शेवटचा उघडलेला नकाशा होता, त्यांच्या स्वतःच्या घराचा. प्लॉट नव्हता, घर नव्हतं, नकाशा मात्र खिडक्यांच्या मापांसकट तयार होता.

सून रोज इस्पितळातल्या ड्यूटीवरून आली की हातपाय धुऊन त्या टेबलापाशी बसायची. एक कळ दाबली की पडदा उजळायचा. ती चहा पीत बघत राहायची, नि लाइनमन दारातून तिला बघायचा. कधी कुणी काही बोललं नाही. तो रोज सकाळी मऊ फडक्याने लॅपटॉप पुसायचा, कारण तो तिचा जीव होता.

हे झालं सांगण्यापुरतं. खरी गोष्ट लाइनमनने कुणाला सांगितली नव्हती, आणि सांगण्यासारखी ती नव्हतीच. सुनेची थोरली बहीण तिला चार महिने बोलवत होती. बहिणीच्या गावातल्या मोठ्या इस्पितळात जागा होती, राहायला तिच्याच घरातली खोली होती. सून दर वेळी फोनवर म्हणायची, "बघू गं, इथलं सगळं सोडून कसं येऊ?" लाइनमन शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसायचा आणि कान फोनकडे लावायचा. 'इथलं सगळं' म्हणजे तो लॅपटॉप, असं त्याने धरून टाकलं होतं. तो चालू आहे तोवर ती जायची नाही. त्याचा फडका निम्मा मुलासाठी फिरायचा आणि निम्मा स्वतःसाठी. एकटं राहायची त्याला भीती वाटत होती.

आणि मग गेल्या बुधवारी त्याने स्वतःच्या हाताने घात केला. एका जुन्या सोबत्याकडे दिवसभरासाठी जायचं होतं. घराला कुलूप लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, ही एकतीस वर्षांची खोड. मुलगा गेल्यापासून त्याने ती लॅपटॉपपायी आवरून धरली होती. त्या दिवशी सून सकाळीच ड्यूटीला गेलेली, बस चुकेल म्हणून धांदल उडालेली, आणि हात सवयीने वर गेला. संध्याकाळी परत आल्यावर अंधाऱ्या घरात शिरताना त्याला मेन आठवला. यूपीएस केव्हाच संपून गेला होता. सून यायच्या आत त्याने मेन वर केला, बटण दाबलं, दहादा दाबलं. नुसत्या शिट्या.

सून आली. टेबलापाशी उभं राहून तिनेही बटण दाबून पाहिलं.

"बंद पडला वाटतं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

लाइनमनने मूग गिळले. ती ओरडली असती, रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. त्या रात्री तिने बहिणीला फोन केला नाही, की दुसऱ्या दिवशीही केला नाही. आठ दिवस दोघं एकमेकांना मीठ वाढ, पाणी दे, एवढंच बोलत होती. शेवटी आज तिची ड्यूटी सुरू झाल्यावर त्याने लॅपटॉप पिशवीत घातला आणि हे दुकान शोधून काढलं.

दुरुस्तीवालीने आतल्या दोन हिरव्या पट्ट्या उपटल्या, ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि पट्ट्यांच्या सोनेरी कडा घासायला लागली.

"खोडरबराने?" लाइनमनला राहवलं नाही.

"मेमरी आहे ही. कडांवर थर चढतो, मग आतल्या आत ओळख पटत नाही. तुमच्या खांबावर तारा गंजायच्या ना, तसंच."

"आम्ही पॉलिश पेपर मारायचो."

"इथं मारलात तर मीच तुम्हाला मारेन."

तो हसला, आणि हसता हसताच त्याने विचारलं, "वीज एकदम गेली की असं होतं का हो?"

"होऊ शकतं."

थोड्या वेळाने पुन्हा, "म्हणजे समजा, कुणी मेन पाडला तर?"

तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं तेव्हा तिने खोडरबर खाली ठेवलं. "कुणी पाडला, काका?"

चोराच्या मनात चांदणं. तो सगळं बोलून गेला. सोबती, बस, सवयीने वर गेलेला हात, सगळं. परक्या बाईपुढे बोलताना लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण उलट छातीवरचं ओझं हललं.

तिने पट्ट्या परत बसवल्या. पंख्यातली धूळ ब्रशने झटकली, पैशाएवढी एक बारकी बॅटरी बदलली, वायर जोडली. बटण दाबलं. पंखा फिरला. या खेपेला शिटी एकच वाजली, आणि पडदा हळूहळू उजळला.

लाइनमनने पासवर्ड सांगितला.

"आता तुमच्या बुधवारचं बघू," ती म्हणाली. "कधी चालू झाला, कधी बंद झाला, हे तो स्वतःच लिहून ठेवतो." तिने दोन-चार खिडक्या उघडल्या, बोटाने ओळी खाली सरकवल्या. मग थांबली. "किती वाजता पाडला मेन?"

"सकाळी. साडेसहा."

"मग तुम्ही याला हातही लावला नाहीत. तेव्हा हा बंदच होता."

"असं कसं? रोज चालू असतो तो."

"हे बघा. वीज तुटली असती तर इथं तशी खूण असती. ती नाही. कुणीतरी आधी नकाशाची फाइल सेव्ह केली, ती मिटली, मग रीतसर बंद केला. मंगळवारी, संध्याकाळी सात चाळीसला. बुधवारी सकाळी चालू असता, तर तुमच्या मेनने मेला असता. जुनं मशीन आहे, एकदा थंड झालं, उठलं नाही. बस."

मंगळवारी सात चाळीसला लाइनमन खाली कोपऱ्यावर फिरत होता. पावणेसात ते आठ, रोजचा नेम. घरात एकच माणूस होतं.

तो पडद्याकडे बघत राहिला. दुरुस्तीवालीने न विचारताच नकाशा उघडून दिला होता. तळमजल्यावर पायऱ्या नसलेली खोली होती, तिच्यात लिहिलं होतं, 'बाबा'. त्याने हे कधी नीट पाहिलंच नव्हतं, दारातूनच बघायचा. तिने मात्र चौदा महिने रोज ही खोली पाहिली होती. कुणासाठी बघत बसायची ती? आपण फडका मारतो, आपल्याला आवडतं, म्हणून? तो तिच्यासाठी पुसत होता आणि ती त्याच्यासाठी बसत होती, आणि दोघांमधलं कुणीच विचारायला धजलं नव्हतं. एक दिवस तिला असह्य झालं. तिने मुलाचं काम नीट सेव्ह केलं, मग बंद केलं. दुसऱ्या दिवशी तो उठेना, तेव्हा तिलाही वाटलं असणार की आपणच मारला. आठ दिवस एकाच छपराखाली दोन चोर जेवत होते.

"बंद करून देऊ?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"नको. बंद कसा करायचा ते दाखवा. मी करतो."

"इथं, खाली कोपऱ्यात."

त्याने एका बोटाने केलं.

सून संध्याकाळी आली तेव्हा टेबल मोकळं होतं. तिने पर्स खांद्यावरून काढलीच नाही.

"बाबा, लॅपटॉप?"

"दुरुस्त करून आणला. कपाटात ठेवलाय. नकाशा जसाच्या तसा आहे. लागेल तेव्हा लावायचा." लाइनमनने खुर्ची पुढे सरकवली. "बस. तुला एक सांगायचं राहिलं. तो माझ्यामुळे बंद पडला होता. बुधवारी जाताना मी मेन पाडला."

ती बसली नाही.

"बाबा, नाही. तो मी आदल्या—"

"माझं ऐक आधी," त्याने तिला पुढे बोलूच दिलं नाही. "म्हाताऱ्याची खोड, दुसरं काय. तुझ्यापासून लपवलं, तेवढं माफ कर. आणि ताईला फोन लाव. जागा भरली नसेल अजून."

"आणि तुम्ही?"

"मी काय? खांबावर एकटाच चढायचो ना मी. खाली उभं राहून कुणी हात धरायचं नाही."

आवाज नको तिथे चिरकलाच. ती खुर्चीवर बसली, टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. चौदा महिन्यांत त्याने तिला रडताना ऐकलं नव्हतं. तो तिच्या शेजारी बसून राहिला. रडू नकोस, असं तो म्हणाला नाही.