खुर्चीचा डावा हात

मी एक जुने टेबल आहे. विद्यापीठाच्या कार्यशाळेत, खिडकीपाशी माझी जागा आहे. ज्या सुताराने मला बनवले, त्याने माझी फळी मुद्दाम जाड ठेवली. तो म्हणाला होता, "इथे शिकाऊ पोरं येणार. ठोकाठोकी झेलता आली पाहिजे." त्याचे म्हणणे खरे ठरले. माझ्या अंगावर करवतीचे चरे आहेत, सरसाचे डाग आहेत, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी कोरलेले बदकही आहे.

मित्रांनो, माझ्याभोवती मुले गटागटाने काम करतात. वस्तू सगळ्यांनी मिळून बनवायची आणि गुणही सगळ्यांना सारखेच. राबणारा असो की आयत्या बिळावरचा नागोबा, सब घोडे बारा टक्के! एका मुलीने जवळजवळ एकटीने पवनचक्की उभी केली होती. बक्षिसाच्या फोटोत ती कडेला अर्धीच आली. फोटो झाल्यावर तिने मला ओल्या फडक्याने पुसले आणि निघून गेली. मला फार वाईट वाटले.

पुढे नव्या मॅडम आल्या. त्या वर्षी तिघांचा गट माझ्या वाट्याला आला. एक मुलगी होती, तिला सगळे मुकादम म्हणत. दुसरा उंच आणि अबोल, तो लंबू. तिसरा बोलघेवडा, म्हणून वक्ता. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठायला मदत करील, अशी खुर्ची त्यांना बनवायची होती. दांडा दाबला की बैठक मागून हळूच वर येणार.

लंबूने खुर्चीचा डावा हात बनवला. कितीतरी वेळ तो घासत बसला होता. घरी जाताना त्याने त्यावरून तळवा फिरवला आणि स्वतःशीच हसला. हात जरा वाकडा होता, हे खरे.

दुसऱ्या दिवशी मुकादम सगळ्यांच्या आधी आली. तिने तो हात काढला, नवा बनवून बसवला आणि जुना माझ्या खणात टाकला. लंबूने आल्या आल्या पाहिले, पण चकार शब्द काढला नाही. त्यानंतर तो माझ्यावर कोपरे टेकून नुसता बसे. मग यायचाच बंद झाला.

काम संपत आले तेव्हा मुकादम मॅडमना म्हणाली, "लंबूला गुण देऊ नका. सगळं मीच केलंय." तिचे ऐकले असते, तर त्याचे वर्ष वाया गेले असते.

मॅडमनी एकेकाला माझ्याजवळ बोलावले. प्रत्येकाला त्या म्हणाल्या, "आधी बाकीच्या दोघांनी काय केलं ते सांग. स्वतःचं नंतर."

वक्ता प्रथमच अडखळला. "लंबूने एक हात केला होता, मॅडम. दुसऱ्या दिवशी तो खुर्चीला नव्हता. मला दिसलं, पण म्हटलं, आपण कशाला मध्ये पडा."

मॅडमनी मुकादमला विचारले, "तो हात का काढलास?"

"वाकडा होता."

"त्याला सांगितलंस?"

"सांगत बसले असते तर वेळ गेला असता."

"वेळ वाचला. पण माणूस गेला, त्याचं काय?"

मुकादम माझ्यावरचा सरसाचा डाग नखाने खरवडू लागली.

लंबूला त्या म्हणाल्या, "आणि तू? तोंड शिवलं होतं का?"

"वाकडा होता ते मलाही दिसत होतं, मॅडम. राग आला, म्हणून यायचंच सोडलं."

"राग समजला. पण काम सोडलंस, त्याचे गुण मी कुठून आणू?"

मग त्यांनी मुदत थोडी वाढवली. डावा हात पुन्हा लंबूनेच करायचा. मुकादमने शिकवायचे, पण करवतीला हात लावायचा नाही. बिचारी हात मांड्यांखाली दाबून बसे. पहिला तुकडा फुकट गेला. "अरे, करवत दाबू नकोस, तिची ती चालू दे," ती म्हणाली. दुसरा सरळ उतरला.

गुण लागले ते तिघांचे वेगवेगळे. मुकादमला कारागिरीचे भरघोस, पण सोबतीच्या कामाचे कमी. ती रडवेली झाली. लंबू काठावर पास झाला. वक्त्याचेही गुण कापले गेले, गप्प बसण्याबद्दल. मॅडमनी प्रत्येकाला कारण समोर बसवून सांगितले. कुणी खूश नव्हते, पण कुणी 'अन्याय' हा शब्दही उच्चारला नाही.

खुर्ची बघायला ग्रंथालयातल्या बाई आल्या. त्यांचे गुडघे आखडलेले होते. त्या बसल्या, त्यांनी दांडा दाबला आणि डाव्या हातावर भार देऊन अलगद उभ्या राहिल्या. "कुणी केली रे ही?" त्यांनी विचारले.

वक्ता तोंड उघडणार, तोच मुकादमने डाव्या हाताकडे बोट दाखवले.

"हा हात याने केलाय," मुकादम म्हणाली.

"बाकी बरीचशी हिने," लंबू म्हणाला.

"आणि मी कौतुक केलं," वक्ता म्हणाला. बाई हसता हसता पुन्हा खुर्चीत बसल्या.

मित्रांनो, आता गुळगुळीत पांढरी टेबले आली आहेत. माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात. त्याचे दुःख नाही, फक्त सांडलेला सरस वेळेवर पुसत जा. आणि काम करता करता शेजारच्याचे हात थांबले, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा विचारा, "का रे, काय झालं?"