टोपलीतले शब्द

“यातले शब्द कुठे गेले?” काकूंनी विचारलं. त्यांचं बोट पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीवर होतं.

मी बॅग आवरत होते. काम चोख झालं होतं. सकाळी चालू व्हायला अर्धा तास घेणारा त्यांचा म्हातारा कॉम्प्युटर आता मिनिटाभरात उठून बसत होता. घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचं काम मी एकवीस वर्षं करतेय. सुरुवातीला लोक दार उघडून माझ्या मागे डोकावायचे, खरा दुरुस्तीवाला जिन्यात मागे राहिला की काय म्हणून. आता मला नावाजलेली म्हणून बोलावतात, आणि खोटं कशाला बोलू, मी आहेच तशी. अर्धं दुखणं मला पंख्याच्या आवाजावरून कळतं आणि उरलेलं मालकाच्या तोंडावरून. “मी काहीच केलं नाही, आपोआप झालं” हे वाक्य तर घरोघरी ठरलेलं.

“शब्द कसले, काकू? कचरा होता तो. जागा अडली होती म्हणून रिकामी केली टोपली.”

काकू खुर्चीवर बसल्याच. मग त्यांनी सगळं सांगितलं.

सतरा महिन्यांपूर्वी काकांना झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, पण वाचा गेली. समोरची वस्तू ओळखायचे, नाव मात्र ओठांवर येईना. मग काकूंनी घरातल्या एकेका वस्तूचा फोटो काढून, त्याला नाव देऊन कॉम्प्युटरवर चढवला आणि फोनमधला काढून टाकला. रोज सकाळी काका पडद्यापुढे बसत. शब्द आला की काकू ते चित्र टोपलीत टाकत, वाळलेले कपडे टाकावेत तसं, आणि रविवारी उजळणीला बाहेर काढत. ती कचऱ्याची आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना टोपली दिसली, त्यांनी ती वापरली. दोनशे बारा शब्द झाले होते. काका सुतार. त्यांच्या हत्यारांचे फोटोही त्यात होते, आणि ती हत्यारं आता विकली गेली होती. यादी अशी कुठेच नव्हती.

काका शेजारच्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं. ते टोपलीकडे बघत होते.

काकूंनी परगावच्या मुलीला फोन लावला. तिनेच माझा नंबर शोधून दिला होता. ती फोनवरून काकूंना भरपूर बोलली. कचऱ्यात कोणी जपून ठेवायचं सामान ठेवतं का, दहा वेळा सांगितलं होतं कळत नसेल तर हात लावू नकोस. काकू मान खाली घालून ऐकत होत्या. “चुकलंच गं माझं,” एवढंच म्हणत होत्या.

मला गप्प बसणं फार सोपं होतं. मुलीचं बोलणं नियमाला धरून होतं, काकूंनाही ते पटलं होतं आणि माझ्या एकवीस वर्षांच्या नावाला ओरखडासुद्धा उठणार नव्हता. पण काहीही पुसण्याआधी मालकाला विचारायचं, हा पहिला धडा. मला तो पाठ होता. जास्त झालेल्या शहाणपणात मी तो विसरले.

मी फोन मागून घेतला. “आईंना बोलू नका. त्यांनी ठेवलं ते त्यांच्या हिशोबाने बरोबर होतं. न विचारता टोपली मी रिकामी केली. चूक माझी आहे.”

फोन ठेवला आणि सरळ कॉम्प्युटरची वायर उपटली. काकू दचकल्या. मी त्यांना समजावलं, की पुसलेलं लगेच जात नाही. त्याच्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत ते आतच असतं, म्हणून याला आता काहीही लिहू द्यायचं नाही. डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि शोध सुरू केला. सकाळची पुढची दोन घरं मी फोन करून रद्द केली.

दुपारपर्यंत चित्रं वर यायला लागली. दोनशे सहा आली. बाकीची गेली, कारण टोपली रिकामी करून झाल्यावर मीच वर नवीन प्रोग्राम चढवले होते. आणि आलेल्यांची नावं पुसली गेली होती. प्रत्येकाच्या नावाच्या जागी नुसते आकडे.

“नावं काका सांगतील,” मी म्हटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांसाठी माझ्या शेजारी खुर्ची सरकवली आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मी एकेक चित्र उघडलं. काका बघायचे, ओठ हलवायचे, शब्द यायचा, मी टाइप करायची. कप. उशी. चप्पल. कुठे मिनिट लागलं, कुठे दोन. लाकूड कोरायच्या एका हत्याराला मी घाईने “चाकू” म्हणाले. यंत्रातलं काही न कळणाऱ्याकडे मी पाहते, तसं काकांनी माझ्याकडे पाहिलं. “पटाशी,” ते म्हणाले. मला हसू आलं. त्यांनाही आलं.

शेवटचं चित्र अर्धंच परत आलं होतं. वर केस, कपाळ, चष्मा. खाली नुसता राखाडी पट्टा. काकू होत्या त्या. त्यांचा फोटो काय, आत्ता नवा काढता येईल, म्हणून मी तो पुसायला गेले. पण या वेळी विचारलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. मग मी खाली ‘बायको’ लिहायला घेतलं. काकूंनी चित्राला तेच नाव दिलं होतं, त्यांनी सकाळी सांगितलं होतं.

काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. बराच वेळ ते त्या चष्म्याकडे बघत राहिले.

“अगं,” ते म्हणाले. हा शब्द कुठल्याच चित्राखाली नव्हता. मग हाक मारावी तसं, जरा मोठ्याने, “अगं.”

“आले हो,” आतून काकू सवयीने म्हणाल्या, आणि मग आतली भांडी वाजायची थांबली.