पंधरा तुकडे

अपलोडची निळी पट्टी एकदाची चौदा टक्क्यांवर आली आणि फोन वाजला. तिनं कपाळाला हात लावला. उचलायची गरजच नव्हती. तिचा जुनाट फोन नुसता वाजला, तरी त्याच्यावरून लॅपटॉपला दिलेलं नेट तुटायचं. पट्टी पुन्हा शून्यावर जाऊन बसली. दोन दिवसांतली ही अकरावी वेळ.

फोन शेजारच्या खोलीतून होता, वडिलांचा. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, तसा त्यांचा आवाजही कुजबुजण्यापुरताच उरला होता. डाव्या अंगठ्यानं बटण दाबायचं, की ही हजर. पाणी हवं, कूस वळवायची, पंखा कमी करायचा. कधीकधी काहीच नको असायचं, ही घरात आहे ना, एवढंच बघायचं असायचं. गेली सहा वर्षं ती घरातच होती. भाऊ दूरच्या शहरातून दर रविवारी फोनवर अगदी मनापासून काळजी करायचा.

शाळेतली नोकरी सुटली तेव्हा तिच्याकडे तिचा आवाज तेवढा राहिला होता. दुपारी वडिलांचा डोळा लागला, की ती कपड्यांच्या कपाटात रजया लावून आत बसायची आणि पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. बोलकी पुस्तकं काढणाऱ्या एका स्टुडिओला कायमची वाचक हवी होती. पगार होता, स्टुडिओच्याच शहरात राहायला खोली होती. एक अख्खं पुस्तक वाचून पाठवा, म्हणाले होते, आणि आवाज दाबून फाइल लहान करू नका. आज संध्याकाळी पाच ही शेवटची वेळ. पुस्तक वाचून कधीच झालं होतं, गाडी अडली होती ती पाठवण्यापाशी. एवढी मोठी फाइल घ्यायला मेलनं साफ नकार दिला होता. स्टुडिओच्या साइटवर चढवावी, तर हे असं.

शेवटी लाज सोडून तिनं स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्याला फोन लावला आणि सगळं रडगाणं सांगितलं.

"अख्खं पोतं एकदम कशाला उचलताय?" तो म्हणाला. "तुकडे करा. नंबर घालून एकेक सोडा. नेट तुटलं तर तेवढा एकच पुन्हा पाठवायचा, आधीचे इथे माझ्याकडे शाबूत. मी जोडून घेतो."

तिला हसूच आलं. तिचं जेवण, झोप, सगळं सहा वर्षं असंच तुकड्यातुकड्यांत चाललं होतं, आणि हे मात्र सुचलं नव्हतं.

त्यानं सांगितल्याप्रमाणे तिनं पंधरा तुकडे केले. एकाला वीस मिनिटं लागत होती. काही तुटले, पुन्हा पाठवले. तीन वाजेपर्यंत नऊ गेले. उरले सहा, आणि वेळ दोन तास. नेमकं बसत होतं, फक्त मध्ये एकही फोन यायला नको होता.

फोन करू नका, असं वडिलांना सांगता आलं असतं. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं, आणि नोकरीचं तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं. ती आत गेली. पाणी पाजलं, लघवीचं भांडं दिलं, कूस वळवली. उशी सारखी करताना त्यांचा फोन उचलला आणि फ्लाइट मोडवर टाकून होता तिथे ठेवला. त्यांनी पाहिलं नाही.

दहावा गेला. अकरावा गेला. घर इतकं शांत कधीच नसायचं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरमही वाटली. चारच्या सुमाराला ती त्यांच्या दारापर्यंत गेली. आत पाहिलं तर थांबावं लागेल, म्हणून तशीच मागे फिरली. झोपले असतील, असं तिनं स्वतःला बजावलं.

पाचला दोन मिनिटं कमी असताना पंधरावा तुकडा पोहोचला. लगेच मेसेज आला. 'सगळे मिळाले. जोडतो आता. एक तारखेपासून मोकळ्या आहात ना, साहेब विचारतायत.'

ती धावतच आत गेली. चादर ओली होती, गादीपर्यंत ओल गेली होती. फोन त्यांच्या छातीवर होता आणि अंगठा अजून बटणावर होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते ओशाळले होते.

"लागतच नव्हता गं," ते कुजबुजले. "माझंच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल."

खरं सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. अख्खं पुस्तक न अडखळता वाचलेल्या तिला चार शब्द जुळवता येईनात. तिनं फोन घेतला, पाठ फिरवून फ्लाइट मोड काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"झाला नीट," ती म्हणाली.

"मला एकदा सगळं शिकवून ठेव," ते म्हणाले. "तू कुठे गेलीस, तर पंचाईत नको व्हायला."

तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना काही कळलं होतं की ते सहज बोलले, काही पत्ता लागेना. चादर बदलायची होती. मेसेजला उत्तर द्यायचं होतं. ती ओल्या गादीच्या कडेला टेकली, त्यांचा अंगठा हातात घेतला आणि पहिल्या बटणापासून शिकवायला लागली.